ते ४८ आकडे कुठे लिहून ठेवलेत?

पिंपळगावहून धाकट्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेज रोडला भाजी घेत होते. "ताई, लॅपटॉपचा स्क्रीन निळा झालाय आणि अठ्ठेचाळीस आकडे मागतोय. कुठले आकडे गं?"

पोटात गोळाच आला. आदल्याच दिवशी लॅपटॉप मदरबोर्ड बदलून आला होता. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. त्याची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षेच्या चिपच्या भरवशावर असते. चिप बदलली की विंडोज अडून बसतं आणि रिकव्हरी की मागतं, सहा-सहा आकड्यांचे आठ गट.

"पण मी कुलूप लावलंच नव्हतं!" खरंय. हल्ली मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप सुरू केला की बऱ्याचदा एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप, आपोआप चालू होतं आणि की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. माझी त्यालाही हरकत नाही, लॅपटॉप चोरीला गेला तर चोराच्या हाती काही लागत नाही. पण अकाउंट कोणाचं? लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने "मी सेटअप करून देतो" म्हणत एक नवाच इमेल बनवला होता. पासवर्ड कुणाला आठवणार! दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी डिस्क फॉरमॅट.

आत निर्यातीच्या द्राक्षांच्या फवारणीच्या नोंदी होत्या. कुठलं औषध, किती मात्रा, कुठल्या तारखेला. त्या परत टाइप केल्या पप्पांच्या वहीवरून, जी मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. पानांवर औषधाचे निळे डाग, पण अक्षर लागतं. भाचीच्या बारशाचा व्हिडिओ मात्र कुठल्याच वहीत नव्हता.

तर मंडळी, आज रात्री जेवण झाल्यावर एवढं कराच. स्टार्टमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन शोधा आणि 'बॅक अप युअर रिकव्हरी की' घ्या. मॅकवाल्यांनी फाइलव्हॉल्टची, म्हणजे त्यांच्याकडच्या कुलपाची, की बघावी. लिनक्सवाल्यांनो, तुमच्या डिस्कच्या पासफ्रेजची (लांबलचक पासवर्डच तो) प्रत तर कुठल्याच कंपनीकडे नसते. आणि स्क्रीनशॉट त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवून निवांत झोपू नका (असे दोघे माझ्याच ऑफिसात निघाले). माझं मत विचाराल तर कागद. वर की आयडीची, म्हणजे कीच्या ओळख क्रमांकाची, पहिली आठ अक्षरं लिहा, निळ्या स्क्रीनवर तीच दिसतात, म्हणजे कुठल्या लॅपटॉपची की ते कळतं.

धाकट्याने नवी की फोनवर वाचून दाखवली, मी लिहून घेतली. प्रत्येक गटाला ११ ने भाग जायलाच हवा, म्हणून कॅल्क्युलेटर काढला. तिसऱ्याला जाईना. साहेबांनी ८ च्या जागी ६ वाचला होता.

एक कागद माझ्याकडे, एक गावी सातबाऱ्याच्या फायलीत. परवा आईने फाइल उघडली आणि लगेच फोन, "अगं, हा कुठला गट नंबर? आपली तिकडे कुठे जमीन आहे?"