खळं म्हणजे मोकळी जागा नव्हे

काल रविवारी आईने खळ्यात, म्हणजे मासळी सुकवायच्या आमच्या अंगणात, जवळा पसरला होता. पहाटे होडीतून उतरलेला, निवडलेला, नुकता कुठे सुकायला लागलेला. आई दोन घास खायला घरात आली आणि तेवढ्यात एक मोठी पांढरी गाडी खळ्यात शिरली. मी धावत बाहेर आले, तोवर जवळ्यातून चाकांचे दोन पट्टे थेट आमच्या ओट्यापर्यंत आले होते. गाडीतून उतरलेल्या माणसाने अगदी सभ्यपणे विचारलं, "ताई, पार्किंगचे किती?"

मला भांडायचंही सुचलं नाही. त्याला खरंच ती रिकामी जागा वाटली होती. आई सुपाने जवळा बाजूला ओढत एवढंच म्हणाली, "ह्यो आमचा खला हाय, गारी लावाची जागा नाय." चाकाखाली गेलेला माल फेकावा लागला. मातीत रगडलेला जवळा कुटून कोंबड्यांच्या खाद्यात घालायलासुद्धा कुणी घेत नाही.

रात्रभर हेच डोक्यात होतं, म्हणून लिहितेय. मोठं झालं तरी वाचा.

मी मढची, मुंबईच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली. मालाडहून मार्वे रोडने निघालात की टी जंक्शनला डावीकडे वळायचं. मग आक्सा, दानापानी, एरंगळ, भाटी करत रस्ता मढच्या धक्क्यापर्यंत येतो. मालाडकडून यायला एवढा एकच रस्ता. कुठे त्याला तिवरं खेटलेली, कुठे घरांचे ओटे. रुंद करायला जागाच नाही. याच रस्त्याने २७१ नंबरची बस येते, बर्फाची गाडी येते, मासळीचे टेम्पो जातात, पाट्या घेऊन आमच्या बायका मालाडच्या बाजाराला जातात, पोरं कॉलेजला जातात. शनिवार-रविवारी त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागतात आणि मधे उरतं ते एका बसपुरतं. समोरून दुसरी बस आली की दोन्ही जागच्या जागी. मग बायका पाट्या डोक्यावर घेऊन चालत सुटतात. मासळी उन्हात थांबत नाही.

गेल्या मे महिन्यात माझ्या काकांच्या छातीत कळ आली. रविवार, संध्याकाळची वेळ. रुग्णवाहिका आली, पण गावाच्या अलीकडेच अडकली. काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून माझ्या दोन भावांनी गाड्यांमधून वाट काढत तिथपर्यंत नेलं. काका वाचले. पण त्या दिवशी काकू प्रत्येक गाडीची काच ठोकून हात जोडत होती, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आणि आक्साला दरवर्षी माणसं बुडतात, हे तर सगळ्या मुंबईला माहीत आहे. त्या बुडणाऱ्याला काढल्यावर रुग्णालयात न्यायचा रस्ताही हाच आहे, हे गाडी कडेला लावून पाण्यात उतरणाऱ्याच्या मनातही येत नाही.

यावर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे पार्किंग वाढवा. पण कुठे? तिवरं तोडून? वाळूवर? मोकळी दिसते ती आमची खळी आहेत, जाळी पसरायच्या जागा आहेत, बोंबील टांगून सुकवायच्या वलांड्यांच्या जागा आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायला हीच जागा लागते, आणि नेमकी तेव्हाच पावसाळी सहलींची गर्दी उसळते. कोळीवाड्यांचं सीमांकन करा, अशी मागणी आम्ही वर्षानुवर्षं करतोय, ती याचसाठी. खळं नकाशावर खळं म्हणून लिहिलेलं नसेल तर उद्या ते कुणाच्याही नजरेत मैदान ठरतं. आज गाडीवाल्याच्या, उद्या बिल्डरच्या.

शिवाय वर्सोव्याहून मढला पूल येऊ घातलाय. पुलाने आमच्या आजाऱ्यांची, नोकरदारांची सोय होईल, ते मी नाकारत नाही. पण आज मालाडचा वळसा नको म्हणून जे येत नाहीत, तेही उद्या काही मिनिटांत गाडीने मढला असतील. त्या गाड्या उतरून उभ्या कुठे राहणार, हे खांब रोवण्याआधी ठरायला हवं.

माझं म्हणणं साधं आहे. माणसं येऊ द्या, गाड्या टी जंक्शनच्या अलीकडे, मालाडच्या बाजूलाच थांबवा. सुट्टीच्या दिवशी मालाड स्टेशनपासून २७१ च्या जादा फेऱ्या सोडा. गावकऱ्यांच्या गाड्यांना स्टिकर द्या, बर्फाची गाडी आणि मासळीचे टेम्पो सोडा, बाकी सगळ्यांनी बसने यावं. अंधेरी-वर्सोव्याच्या लोकांना तर गाडी काढायचीच गरज नाही. वर्सोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत बसलं की समोर मढ.

हे होऊ शकत नाही असं कुणी म्हणू नये. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा असते, तेव्हा रस्ते बंद होतात, बेस्ट जादा बस सोडते आणि लाखो माणसं डोंगरावर जाऊन येतात. माथेरानला दस्तुरीच्या पुढे पर्यटकांची मोटार जात नाही, म्हणून माथेरान ओस पडलेलं नाही. उटी आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून गाड्यांना ई-पास लागतो. आणि मला सगळ्यात जवळचं वाटतं ते साताऱ्याचं कास पठार. फुलांच्या हंगामात तिथे आधी नोंदणी करावी लागते, रोजच्या संख्येला मर्यादा असते, गाड्या लांब लावायला लागतात. आणि ही व्यवस्था आसपासच्या गावांची समिती वनखात्याबरोबर सांभाळते. गावातल्याच मुलामुलींना त्यात काम मिळतं.

आम्हाला तेच हवंय. पे अँड पार्कचा ठेका बाहेरच्या कुणाला गेला तर त्याला जितक्या जास्त गाड्या तितकं बरं, मग तो त्या खळ्यातही लावेल. हिशोब मच्छीमार सोसायटीकडे आणि महिला मंडळाकडे द्या. खळं आधी वाचवायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागणार नाही.

"तुम्हालाच धंदा मिळतो ना?" असं विचारणारे असतात. थोडा मिळतो. पण बहुतेक जण खाणं डिक्कीतून आणतात, बंगल्यांची भाडी बंगल्यांच्या मालकांना जातात. आमच्या वाट्याला सोमवारी सकाळी वाळूतल्या फुटक्या बाटल्या येतात. जाळं ओढताना त्या पायात घुसतात.

आता आपल्या गावातल्यांना. आपलीच काही पोरं शंभर-दोनशे रुपये घेऊन दुसऱ्याच्या खळ्यात गाड्या लावू देतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे गप्प आहेत. पोरांनो, तुम्हाला काम नाही हे मला कळतं, म्हणूनच ती कामं समितीमार्फत तुम्हाला मिळावीत म्हणून मी भांडतेय. पण तोवर हे बंद करा. ज्या खळ्यात तुमच्या आज्यांनी जवळा सुकवून तुमच्या बापांची फी भरली, ते खळं आहे ते.

महापालिका आणि वाहतूक पोलीस दोघांना द्यायचं निवेदन मी लिहून ठेवलंय. येत्या शनिवारी संध्याकाळी हरबादेवीच्या देवळापुढे बसून ते वाचू, सह्या करू. मासळी विकून यायला उशीर होतो, म्हणून बायकांसाठी थांबून मगच सुरुवात करू. एरंगळ, भाटी, आक्सा, तुम्हीही या. आणि रविवारी मढला येणारे कुणी हे वाचत असतील तर तुम्हीसुद्धा या, तुमचीही सही हवी आहे. फक्त बसने या.