राख कपाळावर, राख डोक्यावर

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, कॅथलिक चर्चमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाचा जो भाग वाचला जातो, त्यात येशू सांगतो की उपास कराल तेव्हा ढोंग्यांसारखे उतरलेले तोंड करून हिंडू नका; डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपास लोकांना न दिसता केवळ पित्याला दिसेल. हे वाचन झाल्यावर थोड्याच वेळात आपण रांगेत उभे राहतो आणि कपाळावर राखेचा क्रूस घेऊन रस्त्यावर येतो. वसईत लहानाची मोठी होताना मला यात कधी विसंगती जाणवली नाही. म्युनिकमध्ये मी ज्या चर्चला जाते तिथले धर्मगुरू चिमूटभर राख डोक्यावर भुरभुरतात. ती केसांत मुरते आणि चर्चच्या पायऱ्या उतरल्यावर मी कुठून आले हे कोणालाही कळत नाही. यंदा त्या संध्याकाळी रुग्णालयातील पाळीवर जाताना मी फोन उघडला, तेव्हा घरच्या व्हॉट्सअॅप गटावर राख लावलेल्या कपाळांची छायाचित्रे एकामागून एक येत होती आणि त्यांच्याखाली वाद पेटला होता.

वाद तसा जुना आहे. माझा धाकटा भाऊ आणि त्याच्या प्रार्थनागटातील मंडळी म्हणतात की श्रद्धा अंतःकरणात असते. तेव्हा सणाचा बँड, रोषणाई, नाताळच्या गोठ्यांच्या स्पर्धा आणि पहिल्या कम्युनियननंतरचे, म्हणजे मुलांनी पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतरचे, हॉलमधले समारंभ हे सगळे बंद व्हावे. मामांचे म्हणणे असे की या राज्यात आपण शंभरात जेमतेम एक आहोत, आपण दिसलो नाही तर आपण आहोत हेही कोणाच्या लक्षात राहणार नाही. मला दोघांचेही पटत होते. मी जिथे राहते तिथे हा प्रश्न वेगळ्याच रूपात समोर येतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

म्युनिक ज्या जर्मन राज्यात आहे त्या बव्हेरियाच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०१८ मध्ये ठरवले की १ जूनपासून राज्याच्या प्रत्येक सरकारी इमारतीच्या प्रवेशद्वाराशी क्रूस दिसेल असा लावायचा. मुख्यमंत्री मार्कुस झ्योडर यांनी आपल्या कचेरीत तो स्वतःच्या हाताने लावला आणि हा क्रूस बव्हेरियाच्या ऐतिहासिक व सांस्कृतिक ओळखीचा आहे, असे सरकारने सांगितले. मला येथे येऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मला आनंद झाला. कुठेतरी आपल्या बाजूचे सरकार आहे, ही भावना मी पहिल्यांदाच अनुभवत होते. म्युनिकचे आर्चबिशप कार्डिनल राइनहार्ड मार्क्स यांनीच या निर्णयावर जाहीर टीका केली, तेव्हा मी गोंधळले. क्रूसाकडे केवळ सांस्कृतिक चिन्ह म्हणून पाहिले तर तो समजलाच नाही असे होईल आणि मग राज्य तो श्रद्धेपासून हिरावून आपल्या कामाला लावील, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने हे क्रूस तसेच ठेवण्यास मुभा दिली. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला. माझ्या मनात मात्र कार्डिनलांचे म्हणणे घर करून राहिले, कारण दारांवर क्रूस चढत होते त्याच वर्षांत चर्चमधली बाके रिकामी होत होती. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिक आणि फ्रायझिंग धर्मप्रांतातील लैंगिक अत्याचारांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि त्या एका वर्षात जर्मनीत ५ लाख २० हजारांहून अधिक कॅथलिकांनी चर्चचे सदस्यत्व सोडले. ज्यांनी लेकरांचे रक्षण करायचे त्यांनीच ते केले नाही, हे कळल्यावर लोकांना दारावरच्या क्रूसाने थांबवता येणार नव्हते.

सदस्यत्व सोडणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायला हवे. येथे चर्चचा कर आहे. बव्हेरियात तो प्राप्तिकराच्या आठ टक्के असतो आणि पगारातूनच कापला जातो. तो नको असेल तर विवाह व जन्म नोंदणीच्या कचेरीत जाऊन आपण चर्च सोडत असल्याचे रीतसर सांगावे लागते. मी आले तेव्हा पत्त्याच्या नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना होता, आणि सोबतच्या एका अनुभवी सहकारी बाईंनी तो कोरा ठेवण्याचा सल्ला दिला होता. "देव काही पगारपत्रक पाहत नाही," असे त्या प्रेमाने म्हणाल्या. मी बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि मग कॅथलिक असे लिहिले. तेव्हापासून दर महिन्याच्या पगारपत्रकावर माझ्या धर्माची दोन बारीक अक्षरे छापून येतात, जी कर खात्याखेरीज कोणी वाचत नाही. ही माझी बाहेरची खूण आहे, पण तिला प्रदर्शन म्हणता येत नाही. तिला कोणी टाळ्या वाजवत नाही, उलट तिच्यासाठी मोजावे लागते.

इतके करूनही माझी श्रद्धा आतून मजबूत होती असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या हिवाळ्यात रात्रपाळ्या वाढल्या आणि एक रविवार चुकला, मग दुसरा, आणि नाताळ ते प्रायश्चित्तकाळ या दरम्यान मी एकदाही मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, गेले नाही. वसईत एक रविवार चुकला असता तर शेजारच्या काकूंनी सोमवारी विचारले असते की बरे आहे ना. इथे कोणी विचारले नाही. मग माझ्या लक्षात आले की मी घरीही प्रार्थना करत नव्हते, जेवणाआधी क्रूसाची खूण करत नव्हते, आणि मला त्याची टोचणीही लागली नव्हती. ज्याला मी माझी श्रद्धा म्हणत होते, त्यातला मोठा भाग काकूंची नजर होता. भावाच्या गटाला म्हणून मला एवढेच सांगायचे आहे की बाहेरचे सारे काढून टाकले की आतले आपोआप उजळते, हे खरे नाही. येशूने खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितले. पण त्यासाठी आधी खोलीत जावे लागते, आणि मी ते कित्येक आठवडे केले नव्हते.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत हा शोध नवा नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे झाला. तिथल्या मठातील भगिनींशी त्यांचा क्रूसावरच्या अक्षरांवरून मतभेद झाला होता. लॅटिनऐवजी आपली संस्कृत अक्षरे का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. खुणेची भाषा आपली असावी असा आग्रह धरणाऱ्या याच रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारू लागले, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यांनी जागा दिली. त्यांचा मार्ग मला पूर्णपणे पटत नाही, कारण बाप्तिस्म्याची खूण मला सोडवत नाही. तरी खूण आधी की ख्रिस्त आधी, हा प्रश्न त्यांनी आयुष्य पणाला लावून विचारला होता, आणि आपण तो बँडच्या खर्चापाशी आणून ठेवला आहे याचे मला वाईट वाटते.

मामांच्या म्हणण्यालाही माझ्यापाशी उत्तर आहे, आणि ते आजीकडून आलेले आहे. आमच्या वाडीच्या तोंडाशी चुन्याने रंगवलेला एक क्रूस आहे आणि मे महिन्यात तिथे संध्याकाळी रोझरी होते. आजी सगळ्यांच्या आधी जायची. हातातल्या झाडणीने ओटा झाडायची, काल वाहिलेली सुकलेली फुले ओच्यात गोळा करायची, मेणबत्तीचे थिजलेले मेण नखाने खरवडून काढायची आणि मगच दोन्ही गुडघ्यांवर बसून जपमाळ हाती घ्यायची. रस्ता वाहता होता, येणारे-जाणारे पाहत होते, पण तिची पाठ रस्त्याकडे आणि तोंड क्रूसाकडे असायचे. तो क्रूस भर रस्त्यात होता, तरी तो दाखवण्यासाठी नव्हता. बव्हेरियाच्या सरकारी दारावरचा क्रूस मात्र येणाऱ्याकडे तोंड करून असतो, आणि येणारा कोण, त्याचे दुःख काय, याच्याशी त्याचा संबंध नसतो. आपण दिसावे असे मामांना वाटते, त्यात काही चूक नाही. याच डोंगरावरील प्रवचनात येशूने तुमचा प्रकाश लोकांसमोर पडो असेही म्हटले आहे, आणि लोकांनी तुमची सत्कर्मे पाहून पित्याचा गौरव करावा, हे त्याचे कारणही तिथेच दिले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले तेव्हा धर्मगुरूचा झगा सगळ्यांना दिसत होता, आणि तो दिसायलाच हवा होता. रोषणाईने दिसणे आणि शेजाऱ्याच्या पाण्यासाठी, झाडांसाठी उभे राहून दिसणे यांतला फरक मामांना मी समजावून सांगण्याची गरज नाही. त्या मोर्चांत ते स्वतः चालले आहेत.

राहिला प्रश्न भाचीच्या पहिल्या कम्युनियनचा, ज्यावरून गटावरचा वाद खरे तर सुरू झाला. हॉल ठरला आहे, निमंत्रितांची यादी लांबत चालली आहे आणि आत्या परदेशात असल्याने तिचा वाटा मोठा असावा, अशी अपेक्षा आहे. मी भावाला आणि वहिनीला कळवले आहे की हॉलच्या खर्चात माझा वाटा धरू नये. त्याऐवजी मी मे महिन्यात तीन आठवड्यांची रजा काढली आहे. संध्याकाळी रोझरीच्या आधी भाचीला घेऊन मी क्रूसापाशी जाईन. ओटा तिने झाडायचा आणि मेण मी खरवडायचे, असे आमचे फोनवर ठरले आहे.