सर्वधर्म प्रार्थना सभा भरवताय? आधी सोफे मोजा

तर तुमच्या भागात सर्वधर्म सामूहिक प्रार्थना सभा घ्यायचं ठरलंय. अभिनंदन! गेल्या रविवारी अशीच एक सभा मी आईला घेऊन पहिल्या हॅलो-माईक-टेस्टिंगपासून शेवटची वायर गुंडाळेपर्यंत बघून आलोय, त्यामुळे चार गोष्टी हक्काने सांगतो.

सगळ्यात आधी फ्लेक्स. प्रार्थना कशासाठी आहे हे खाली कोपऱ्यात, प्रिंटिंगवाल्याच्या मोबाईल नंबरशेजारी बारीक अक्षरात टाकलं तरी चालतं. मुख्य जागा फोटोंची. वर मोठे साहेब, मध्ये भाऊ हात जोडून (गॉगल काढलेला बरा), मग शुभेच्छुक, निमंत्रक, स्वागतोत्सुक, समस्त मित्र परिवार, आणि उरलेल्या पट्टीत धर्मगुरू, पासपोर्ट साईझमध्ये. देवाचा फोटो टाकूच नका, कुठल्या एकाचा टाकणार, उगाच वाद होतो. भाऊंचा टाकला की सर्वधर्मसमभाव आपोआप साधतो. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात 1995 पासून कायदा आहे म्हणे, पण आपण प्रार्थना करतोय ना, मग सिग्नल झाकला गेला तरी पुण्यच.

नावापुढे 'माजी' लावायचं का 'भावी' यावर वेळ घालवू नका, दोन्ही लावा. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचाच कारभार होता, त्या काळात पुणेकरांना दोन्ही शब्दांची सवय झालेली आहे.

सोफे मोजून आणा. प्रार्थनेला कितीजण बसणार हा प्रश्न गौण, सोफ्यावर किती बसणार हा खरा. पांढरे कव्हर, मागे टॉवेल, पुढे पाण्याच्या बाटल्या. खाली पहिल्या दोन रांगा 'व्हीआयपी' चिकटवून मोकळ्या ठेवा आणि शेवटपर्यंत मोकळ्याच राहू द्या. आमची आई, वय 74, गुडघ्याला पट्टा, पावणेसहाला येऊन पुढे बसली होती, तिला एका पोराने "आजी, मागे घ्या जरा" करत करत सातव्या रांगेत नेलं. त्या पुढच्या खुर्च्यांवर नंतर हारांच्या पिशव्या बसल्या.

वेळ सहाची छापा. सहाला सुरू करू नका.

आता सत्कार. हा कार्यक्रमाचा आत्मा, इथे कंजुषी नको. दीपप्रज्वलन करणाऱ्यांचा सत्कार, धर्मगुरूंचा सत्कार, प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांनी भाऊंचा करायचा सत्कार, भाऊंनी वहिनींचा, मांडववाल्याचा, साउंडवाल्याचा, जागा उपलब्ध करून दिल्याबद्दल कोणाचा तरी (जागा म्हणजे रस्ता, तो आपलाच होता, पण असो). प्रत्येकाला शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप आणि पुणेरी पगडी. पगडी हवीच, त्याशिवाय पुण्यात माणूस पाहुणा होत नाही. फादरना ती कानापर्यंत खाली आली, चष्मा वाकडा झाला, तरी हसत होते बिचारे. भंतेजींच्या चीवरावर शाल टाकली, ती त्यांनी शांतपणे घडी करून मांडीवर ठेवली. आणि गुरुद्वाराच्या ग्रंथीजींची वेळ आली तेव्हा भाऊ पगडी दोन्ही हातांत धरून उभेच राहिले, कारण समोरच्या डोक्यावर आधीच पगडी! शेवटी फोटोसाठी दोघांनी ती मधोमध धरली, ट्रॉफी धरतात तशी. हे सगळं होत असताना निवेदक प्रत्येक नावाला "जोरदार टाळ्या" मागतोय, टाळ्या कमी पडल्या की "पुणेकर जेवले नाहीत का" विचारतोय, (नाही जेवलो, साडेआठ झाले होते), एक कार्यकर्ता कानात सांगायला येतोय की अमुकचं नाव राहिलं, मग निवेदक क्षमा मागतोय, मग अमुकला पुन्हा स्टेजवर बोलवतायत, तो आधी नाही-नाही म्हणतोय, मग येतोय, येताना स्वतःच्या दोन माणसांना घेऊन येतोय, मग त्यांच्यासाठी शाली कमी पडतात म्हणून मघाशी ज्यांना दिल्या त्यांच्याकडून दोन परत मागून घेतल्या. खोटं नाही सांगत. परत मागून घेतल्या! मी मोजत होतो, चाळिसाच्या पुढे मोजायचं सोडून दिलं.

चहाचं म्हणाल तर जपून. याच शहरात 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जाऊन चहा घेतला म्हणून टिळक आणि रानडे दोघांनाही पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं. आता तशी भीती नाही, कारण चहा फक्त स्टेजवर जातो.

भाषणात रानडे, भांडारकर, प्रार्थना समाज वगैरे आणा, शोभतं. ते लोक प्रार्थनेसाठी जमायचे आणि खरोखर प्रार्थना करायचे हे मात्र बोलू नका, श्रोत्यांच्या अपेक्षा वाढतात.

दोन मिनिटं मौन ठेवायचं असेल तर ठेवा. आमच्याकडे 38 सेकंद झालं, त्यात जनरेटर चालू होता आणि भाऊंचा फोन वाजला.

वेळेबद्दल अजून एक. धर्मगुरू बोलावताना त्यांचा धर्म काय सांगतो याची चौकशी अजिबात करू नका. पावणेसातच्या सुमारास, सूर्य नुकताच बुडालेला, प्रमुख पाहुणे अजून "निघालेत, पोचतायत, चौकात आहेत" असे येतच होते, तेव्हा मौलाना हळूच सोफ्यावरून उठले. मगरीबची वेळ झाली होती. ती काही पाहुण्यांसाठी थांबत नाही. ते मांडवामागे जनरेटरच्या पलीकडे गेले, खिशातला रुमाल अंथरला आणि नमाज पढायला लागले. आमच्या सातव्या रांगेच्या कडेवरून कापडाच्या फटीतून दिसत होतं. आणि इकडे माईकवर काय? "मौलानासाहेब कुठे आहेत, कृपया स्टेजवर या, ग्रुप फोटो राहिलाय." दोनदा. तिसऱ्यांदा. आई मला म्हणाली, "अरे, त्याला सांग कोणीतरी, तो तेच करतोय ज्यासाठी बोलावलंय."

आई कशाला आली होती सांगू का? मावशीचं ऑपरेशन होतं गुरुवारी. आईचं साधं गणित, पाच धर्मांची माणसं एकदम मागतील तर कोणाचं तरी ऐकलं जाईल. त्यासाठी ती गुडघा घेऊन चार तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. प्रार्थना सुरू झाली नऊ पन्नासला. स्पीकरची परवानगी दहापर्यंत. दहा मिनिटांत पाच धर्म! फादरना सांगितलं "शॉर्टमध्ये घ्या." भंतेजींना तर चिठ्ठीच आली. आणि पसायदान, अहो नऊ ओव्या आहेत फक्त, सावकाश म्हटलं तरी तीन-साडेतीन मिनिटं, त्यातल्या पहिल्या दोन आणि शेवटची म्हटली आणि निवेदक म्हणाला वेळेअभावी इथेच थांबतोय, आता आभार प्रदर्शन. आभार पूर्ण झाले बरं का. त्यातलं एक नाव गाळलं नाही.

आता सल्ले पुरे, सरळ बोलतो. दरवर्षी दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, नाना पेठेत, भवानी पेठेत उभं राहून बघा. तिथेही तुमचे स्वागताचे फ्लेक्स असतातच, पण पालखी त्यांच्यासाठी अडत नाही, माणसं आपली म्हणत म्हणत पुढे जातात. तुम्हाला प्रार्थना नको असेल तर घेऊ नका, कोणी जबरदस्ती केलीय? सत्कार समारंभ म्हणून छापा, आम्ही घरी बसतो. रस्ता, पाणी, कचरा या गोष्टी तुमच्याकडे मागायच्या तर तुम्ही देवाकडे हात जोडून उभे, आणि देवाकडे मागायला आलो तर मध्ये तुमच्या शाली. त्या पाच भल्या माणसांना तुम्ही शोपीससारखं मांडून ठेवलंत, एकानेही तक्रार केली नाही हा त्यांचा मोठेपणा, तुमचं यश नाही. आणि ती म्हातारी माणसं, निम्म्याहून जास्त तीच होती, त्यांच्यासाठी पाण्याचा एक जार ठेवता आला नाही? स्टेजवर न उघडलेल्या बाटल्या मी स्वतः बघितल्यात. थोडी तरी लाज वाटू द्या.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आले. एकात आमची आई आहे, मान खाली, डोळे मिटल्यासारखे, वर लिहिलंय 'प्रार्थनेत तल्लीन ज्येष्ठ नागरिक'. ती तल्लीन नव्हती हो, खुर्चीखाली चप्पल शोधत होती. तो फोटो काढून टाका. आणि मांडव उतरवताना चप्पल सापडली असेल तर कळवा. तपकिरी, अंगठ्याची, डाव्या पायाची.