तार दोन दिवस कणगीत होती

सकाळी शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकच्या लढाईचा चौदा मिनिटांचा व्हिडिओ टाकला. पाणबुड्या, काफिले, रडार, चर्चिल, सगळं आहे. खाली बॉयलरपुढे कोळसा ओढणारा माणूस एकदाही नाही. त्यावर आमच्याच एका मित्राचा शेरा: "गोऱ्यांचं युद्ध, गोऱ्यांची जहाजं. यात आपला काय संबंध?"

चहा तसाच गार झाला माझा.

संबंध सांगतो. माझ्या नानीचे बाबा त्या जहाजांवर खलाशी होते. १९४२ साली खाडीकाठच्या आमच्या घरी तार आली, इंग्रजीत. इंग्रजी वाचणारे गावात एकच मास्तर, तेही लग्नाला चिपळूणला. त्याआधी एकदाच तार आली होती, बाबा मुंबईला उतरल्याची. नानीच्या आईला वाटलं, हीही तसलीच. तिने तार घडी करून भाताच्या कणगीत ठेवली, अंगण सारवलं आणि सांदणं करायला घेतली. दोन दिवस घरभर नारळाच्या दुधाचा वास, आणि कणगीत ती तार.

आता विचारा, काय संबंध.

ब्रिटिश व्यापारी जहाजांवर तेव्हा दर चार माणसांत साधारण एक आपल्याकडचा असायचा. डेकवर रत्नागिरीचे, कच्छचे, इंजिनात सिल्हेटचे (आता बांगलादेशात), पंजाबचे, भटारखान्यात गोंयकार. पगार गोऱ्या खलाशाच्या जेमतेम पाव. १९३९ ला युद्ध पेटल्यावर याच माणसांनी विलायतेच्या गोद्यांमध्ये "पगार वाढवा, नाहीतर जहाज हलणार नाही" म्हणून संप केला. कित्येक जण तुरुंगात गेले. पगार वाढला, बरोबरीचा काही झाला नाही. युद्ध संपेपर्यंत ६ हजारांहून जास्त माणसं बुडाली.

कुणी म्हणेल, जबरदस्ती नव्हती, पोटासाठी गेले. गेले. भरतीत आपलेच सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, त्यांच्याकडून पैसे खायचे, तेही खरं. मग? मेलेला माणूस कमी मेला का?

'सिटी ऑफ बनारस' ऐकलंय? अरे, नावातच बनारस आहे! १९४० च्या सप्टेंबरात ९० मुलांना बॉम्बहल्ल्यांपासून वाचवायला लिव्हरपूलहून कॅनडाला निघालेलं जहाज. १७ तारखेच्या रात्री टॉर्पेडो लागला. ७७ मुलं गेली. जहाजावरची १२ नंबरची जीवरक्षक होडी आठ दिवस भरकटत राहिली. तिच्यात ४६ माणसं, पैकी सहा मुलगे. त्या मुलांची गोष्ट सगळे सांगतात, सांगावीच. पण होडीतले बाकीचे बहुतेक आपले खलाशी होते, सुती कपड्यांत, त्या थंडीत. त्यांची गोष्ट कोण सांगणार, तुमचा व्हिडिओ?

लंडनला टॉवर हिलवर व्यापारी खलाशांची नावं ब्राँझच्या पाट्यांवर कोरलीत. आपल्यांची नावं मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये, एका पुस्तकात. लिहून तरी ठेवली, एवढं श्रेय देतो साहेबाला. मशीदला रोज उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

मलाही चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, हे कबूल करायला हवं. मित्रावर फार चिडलो सकाळी. चिडायला नको होतं. एकाच बाकावर बसून एकच इतिहासाचं पुस्तक वाचलं आम्ही. घरात नानी नसती तर मीही तोच शेरा मारला असता, कदाचित दोन हसरे चेहरे जोडून.

तर, मास्तर तिसऱ्या दिवशी आले. तारेत 'मिसिंग' होतं. बिचाऱ्यांनी चाचरत सांगितलं, "हरवलाय." नानीची आई म्हणाली, "हरवलाय ना? मग गावंल." उरलेली सांदणं तिने कुणाला खाऊ दिली नाहीत, टोपात झाकून ठेवली. आंबून वास सुटला तेव्हा नानीने, वय वर्षं सात, गुपचूप ती कोंबड्यांना घातली. त्यासाठी तिने जो मार खाल्ला, तेवढा आयुष्यात परत कधी खाल्ला नाही म्हणायची.