डिचोलीच्या सरांना उत्तर : रिसेप्टर नव्हे, जीएस-अल्फा

नमस्कार सर,

स्यूडोहायपोपॅराथायरॉयडिझम, म्हणजे पीटीएच हे रक्तातलं कॅल्शियम राखणारं हार्मोन भरपूर असूनही शरीर त्याला दाद देत नाही असा आजार. त्यावरच्या लेखावर आपले मुख्य आक्षेप तीन. पहिला : हार्मोन ही किल्ली, रिसेप्टर हे कुलूप; किल्ली भरपूर असून दार उघडत नाही म्हणजे कुलूपच बिघडलं, मग मध्ये रिसेप्टरचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या जीएस-अल्फा प्रोटीनचं लचांड कशाला? दुसरा : जनुकाची एक प्रत शाबूत असताना अर्ध्या प्रोटीनवर भागायला हवं, सदोष प्रत आईकडून आली तरच कॅल्शियम घसरतं हे म्हणणं आईवर खापर फोडण्यासारखं आहे. तिसरा : कॅल्शियम कमी म्हणजे ड जीवनसत्त्व कमी, गोव्यात ऊन आणि मासळी मुबलक असताना लोकांना जनुकांची भीती घालू नये.

कुलूप ठाकठीक असतं, सर. पीटीएचच्या रिसेप्टरचं जनुक खरोखर बिघडलं तर वेगळेच आजार होतात : रिसेप्टर सतत चालू राहिला तर यान्सेन प्रकारची हाडांची विकृती, पार बंद पडला तर ब्लोमस्ट्रँड, ज्यात बाळ वाचत नाही. शिवाय या आजाराच्या १ए प्रकारात शरीर पीटीएचबरोबर टीएसएचलाही (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) दाद देत नाही, पुष्कळदा जीएचआरएचलाही (वाढीचं हार्मोन सोडायला लावणारं). तिन्हींचे रिसेप्टर वेगळे, जनुकं वेगळी. ती एकाच मुलात एकदम बिघडावीत हे पटण्यासारखं नाही. बिघाड तिघांच्या सामाईक दुव्यात शोधायला हवा. तो दुवा म्हणजे जीएस-अल्फा. एरवी तो जीडीपी नावाचा छोटा रेणू धरून बसलेला असतो. हार्मोन रिसेप्टरला चिकटलं की जीडीपी सुटतो, जागी त्याचाच भाऊबंद जीटीपी येतो, अल्फा आपल्या जोडीदार बीटा-गॅमा प्रोटीनांपासून अलग होऊन अॅडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला चालना देतो, पेशीतला निरोप्या रेणू सायक्लिक एएमपी तयार होतं आणि पुढचं काम सुरू करणारं प्रोटीन कायनेज ए मोकळं होतं. अमेरिकी डॉक्टर फुलर आल्ब्राइटने १९४२ मध्येच ओळखलं होतं की हार्मोन आहे, पण पेशी दाद देत नाहीत. १९६९ मध्ये रुग्णांना पीटीएच देऊन लघवीतलं सायक्लिक एएमपी मोजलं गेलं. निरोगी माणसांत ते कित्येक पटींनी वाढतं, यांच्यात जेमतेम हललं. १९८० मध्ये या रुग्णांच्या तांबड्या पेशींत जीएसची क्रिया साधारण निम्मी सापडली, तेव्हा बोट नेमक्या जागी पडलं.

आता निम्म्याचा हिशेब. बहुतेक पेशींत अर्ध्यावर भागतं, हे आपलं म्हणणं खरंच आहे. सदोष प्रत वडिलांकडून आली तरी तांबड्या पेशींत क्रिया निम्मीच असते. उंची कमी, हाताच्या चौथ्या-पाचव्या बोटामागची हाडं आखूड अशी लक्षणं दिसतात, पण कॅल्शियम शाबूत. कारण मूत्रपिंडाच्या प्रॉक्सिमल (सुरुवातीच्या) नलिकेत जीएस-अल्फाची वडिलांकडची प्रत मुळातच जवळजवळ मूक असते. थायरॉइड, पिट्युटरी आणि बीजग्रंथींतही तिचा आवाज दबलेला. तिथे सगळी भिस्त आईच्या प्रतीवर, आणि तीच सदोष निघाली तर उरतं अर्धं नव्हे, जवळपास काहीच नाही. यात दोष कुणाचा? त्या आईला ती प्रत तिच्या वडिलांकडून मिळालेली असू शकते, किंवा बदल बाळातच नव्याने झालेला असतो.

‘एकदा प्रोटीन कमजोर म्हणता, एकदा अतिउत्साही, ही कोलांटउडी’ असा टोलाही आपण हाणलात. पण दोन्ही गोष्टी एकाच मुलात घडल्या आहेत. नात्यात नसलेल्या दोन मुलग्यांमध्ये जीएस-अल्फाच्या ३६६व्या जागी अॅलानिनऐवजी सेरिन आढळलं. ३७ अंशांना हे प्रोटीन टिकत नाही, त्यामुळे मूत्रपिंडात पीटीएचला दाद नाही. वृषण शरीरापेक्षा काही अंशांनी थंड. तिथे ते टिकतं, आणि हार्मोनची वाट न बघता जीडीपी आपसूक सोडत राहतं. परिणामी टेस्टोस्टेरॉन उधळतं आणि मुलगा अकाली वयात येतो. तापमान हा जनुकाच्या कहाणीचा भाग असू शकतो, हे बारावीच्या वर्गात सांगण्याजोगं आहे.

ऊन आणि बांगड्यामुळे काय होतं? ड जीवनसत्त्व मिळतं, यकृतात त्याचं २५-हायड्रॉक्सी रूप होतं, आणि प्रयोगशाळा सहसा तेच मोजते. पुढची पायरी, म्हणजे त्याचं कामाचं रूप कॅल्सिट्रिऑल बनणं, त्याच प्रॉक्सिमल नलिकेत, पीटीएचच्या इशाऱ्यावर होते. इशारा पोचत नाही, म्हणून अहवालात ‘ड’ उत्तम आणि कॅल्शियम खाली, असं चित्र दिसू शकतं. तेव्हा एकाच वेळी घेतलेल्या रक्तातून कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन, मॅग्नेशियम, पीटीएच आणि २५-हायड्रॉक्सी ड बघावं. पीटीएच दोन्हीकडे चढलेलं असतं. फरक फॉस्फरस सांगतो. ‘ड’च्या साध्या कमतरतेत तो बहुधा कमी किंवा सामान्य, इथे वाढलेला. क्रिएटिनिनही वाढलेलं असेल तर आधी मूत्रपिंड तपासा. लहान मुलांचा फॉस्फरस मोठ्यांच्या मर्यादेला लावून वाचू नये, ही चूक सर्रास होते.

उपचारात म्हणूनच साधं ‘ड’ पुरत नाही, कॅल्सिट्रिऑल लागतं; कॅप्सूल सहसा ०.२५ मायक्रोग्रॅमची, मात्रा कॅल्शियम आणि पीटीएच बघून डॉक्टर ठरवतात. पीटीएच चढं ठेवून चालत नाही, कारण हाडांत दोन्ही प्रती बोलतात. हाडं त्याला दाद देतात आणि झिजतात. कॅल्शियम कार्बोनेटच्या १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. ती दुपारच्या हुमण-शिताबरोबर (माशांची आमटी-भात) घ्यावी, म्हणजे अन्नातला फॉस्फरसही थोडा बांधला जातो. टीएसएचला दाद नसल्याने लागणारी थायरॉइडची गोळी मात्र सकाळी उपाशीपोटी, आणि दोन्हींत किमान ४ तासांचं अंतर. ते पाळलं नाही की टीएसएच चढतं आणि विनाकारण डोस वाढवला जातो.

राहता राहिला जनुकतपासणीवरचा आपला अविश्वास. जीएनएएसचं, म्हणजे जीएस-अल्फाच्या जनुकाचं, सिक्वेन्सिंग (अक्षरवाचन) ‘निर्दोष’ आलं म्हणून आजार नाही असं होत नाही. १बी प्रकारात जीएस-अल्फाचा मजकूर बरोबर असतो, आईच्या प्रतीवरची मिथाइलची, म्हणजे जनुक चालू की बंद हे ठरवणारी रासायनिक, खूण हरवलेली असते. अक्षरं वाचणाऱ्या तपासणीला ती दिसत नाही; मिथायलेशनची चाचणी वेगळी मागावी लागते, आणि फॉर्मवर तसं स्पष्ट लिहावं लागतं.