काही चालू नसताना हा पंखा कशाला बोंबलतोय?

एक पीडीएफ उघडी आहे फक्त, बाकी काही नाही, आणि जुन्या लॅपटॉपचा पंखा नुसता घोंघावतोय. प्रोसेसरचा बेस स्पीड, म्हणजे नेहमीचा वेग, २.५ गिगाहर्ट्झ, पण हा पठ्ठ्या सदानकदा ३.१ वर, खाली यायचं नावच नाही, तापमान ८५-९० अंश. टास्क मॅनेजरमध्ये बघावं तर वापर ४ टक्के! मग एवढी धावपळ कोणासाठी चाललीय बाबा?

ज्याला विचारावं तो म्हणतो फॉरमॅट मार. डोकं दुखलं तरी फॉरमॅट, पोट दुखलं तरी फॉरमॅट. दुकानवाला तर सरळ म्हणतो नवीनच घ्या ना.

पंख्याची जाळी साफ केली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलली, त्याने ताप थोडा उतरला पण स्पीड तिथेच. आणि खरं दुखणं काय, तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये (वीज वापराच्या सेटिंगमध्ये) मिनिमम प्रोसेसर स्टेट, म्हणजे प्रोसेसरचा कमीत कमी वेग, १०० टक्के! म्हणजे काम असो नसो, पळतच राहा. मी ते ५ करतो, आणि लॅपटॉपसोबत आलेलं ते पॉवर मॅनेजर नावाचं आगाऊ अ‍ॅप प्रत्येक अपडेटनंतर गुपचूप परत १०० करून ठेवतं, अनइन्स्टॉल करावं तर ब्राइटनेसची बटणं बंद पडतात. कोणी सांगितलंय तुला?

त्याच सेटिंगमध्ये मॅक्सिमम ९९ टक्के केलं की टर्बो, म्हणजे बेस स्पीडच्या वर पळणं, बंद होतो, मशीन गार पडतं हे खरं, पण मग ब्राउझरचे चार टॅब उघडले की रडायला लागतं. सध्या तसंच वापरतोय, पुढच्या अपडेटपर्यंत.