चार धुराड्यांची लॉयल्टी

पुढच्या ५ एप्रिलला तुमच्या संस्थेत, कॉलेजात किंवा सोसायटीत राष्ट्रीय सागरी दिन साजरा करायचा बेत असेल, तर मंडप ठरवण्याआधी हे वाचून घ्या. यंदा एके ठिकाणी मी सत्कारमूर्ती होतो. इंजिन रूममध्ये इतकी वर्षं काढून जे कळलं नाही, ते त्या मंडपात सव्वादोन तासांत कळलं. ते ज्ञान फुकट देतोय. शाल नको, घरात अकरा झाल्यात.

पहिलं म्हणजे बॅनर. दिवस ज्या जहाजाचा, तेच जहाज बॅनरवर हवं असला हट्ट धरू नका. ज्या जहाजाच्या १९१९ च्या मुंबई ते लंडन फेरीवरून हा दिवस आला, त्या लॉयल्टीला धुराडी दोनच होती, आणि दोन धुराडी फ्लेक्सवर गरीब दिसतात. चार घ्या. टायटॅनिकचीच घ्या की, लोकांच्या ओळखीची बोट आहे. फक्त ती बुडाली हे भाषणात येऊ देऊ नका. आमच्या बॅनरवर चार धुराडी होतीच, शिवाय डोलकाठीवर अशोकचक्रासकट तिरंगा फडकत होता. खाली मोठ्या अक्षरांत साल, १९१९. हा झेंडा २२ जुलै १९४७ ला ठरला हो, असं मी एका कार्यकर्त्याच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, "काका, आजच्या दिवशी तरी पॉझिटिव्ह राहा."

तर पॉझिटिव्ह राहा.

प्रमुख पाहुण्यांचा पाण्याशी संबंध रोजच्या आंघोळीपुरता असावा. ते तास-दीड तास उशिरा आले तर उत्तम, तेवढ्यात खुर्च्या भरतात.

मर्चंट नेव्ही आणि नेव्ही हे एकच समजा. "सरांनी देशाच्या सागरी सीमांचं रक्षण केलं," असं माझ्याबद्दल माइकवरून सांगितलं गेलं. मी आयुष्यभर पंप आणि प्युरिफायर राखले. टाळ्या मात्र जोरात पडल्या, आणि घरच्यांनी व्हिडिओही काढला आहे.

केकवर नांगर काढायला विसरू नका.

आता इतिहास. तो दोन ओळींत बसला पाहिजे, कारण लगेच नाच असतो. आमच्या सूत्रसंचालिकेने एकाच ओळीत बसवला: "आजच्याच दिवशी भारतात बनलेलं पहिलं जहाज लंडनला पोचलं." एका वाक्यात तीन चुका, हे सोपं काम नाही. एक तर ५ एप्रिलला ते मुंबईहून निघालं, पोचलं नाही. बनलं म्हणाल तर इंग्लंडात, बॅरोच्या गोदीत. १८९१ पासून 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने एका कॅनेडियन कंपनीसाठी पॅसिफिकमध्ये फेऱ्या मारत होतं. आणि पहिलं कसलं? आपल्या वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानाची ट्रिंकोमाली बांधली १८१७ साली, ती १८१९ ला, म्हणजे बरोबर शंभर वर्षं आधी, पोर्ट्समथला जाऊन पोचली होती. ती ब्रिटिश नौदलाची होती हे खरं, पण बांधली इथे. आजही इंग्लंडातल्या हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. जाऊन बघता येते.

मग १९१९ मध्ये नवीन काय होतं? मालक. महायुद्धात हे जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतलं, जखमी हिंदी सैनिकांसाठी त्याचं तरंगतं इस्पितळ केलं आणि नाव ठेवलं 'लॉयल्टी'. निष्ठा कुणावरची, हे सांगायला नको. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांनी ते विकत घेतलं, शिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि साहेबाचीच समजली जाणारी वाट धरली. राजनिष्ठेचं नाव मिरवत साहेबाच्या धंद्याला धडक! ही गंमत कुणाही चांगल्या वक्त्याला महिनाभर पुरेल. पण नाचाला उशीर होतो ना.

आणि पुढचं तर कुणी उच्चारतच नाही. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की नवख्याने धंदा सोडून पळावं. हे त्यांचं जुनंच तंत्र. चिदंबरम पिळ्ळैंनी १९०६ साली तुतिकोरीन ते कोलंबो अशी स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तेव्हा तिचीही अशीच कोंडी केली आणि त्यांना तुरुंगात टाकलं. शिंदिया जगली, पण १९२३ साली ब्रिटिश जहाज कंपन्यांचे धनी लॉर्ड इंचकेप यांच्या गोटाशी करार करावा लागला: दहा वर्षं किनाऱ्यावरच्या मालापुरतं राहायचं, परदेशच्या वाटेला जायचं नाही. ज्या वाटेचा आपण उत्सव करतो ती वाट चार वर्षांत लिहून दिली. त्याच १९२३ मध्ये लॉयल्टी मुंबईत तोडायला काढली, भंगारात. तरीही ती माणसं हटली नाहीत. विशाखापट्टणमला गोदी काढली, आणि १४ मार्च १९४८ ला 'जलउषा' पाण्यात उतरली. ते जहाज मात्र इथेच बनलेलं होतं, बाई! पण त्या दिवसाला केक नाही.

हा दिवस पाळायला लागले १९६४ पासून. मी नवा होतो तेव्हा तो कंटाळवाणा असायचा, पण त्यात बोटींची माणसं असायची. शिंदियाचे जुने खलाशी, रत्नागिरीकडचे, डोळ्यांत कोळशाच्या दिवसांची लाली असलेले; धोबीतलावच्या कुडांमधून, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांतून, आलेले गोव्याचे स्टुअर्ड. भांडायचे. पगारावरून, भत्त्यावरून, वालचंदशेठना जास्त मान की मोरारजींना यावरूनही. मग हळूहळू भांडणारे गेले. पंतप्रधानांच्या कोटाला छोटा झेंडा टोचायचा फोटो राहिला. आता तोही फोटो जुना झाला. आता थर्माकोलच्या नांगराशेजारी सेल्फी पॉइंट आहे. बॅलार्ड इस्टेटमध्ये शिंदिया हाउस आहे. बोट एक नाही.

बरं, देशाकडे तरी किती आहेत? पन्नास वर्षांपूर्वी आपला जवळजवळ चाळीस टक्के परदेशी व्यापार आपल्या जहाजांतून चालायचा, आता पाचच टक्के, असं २०२५ साली भावनगरला पंतप्रधानांनीच सांगितलं. उरलेला माल परक्या बोटींतून जातो आणि भाडं आपण भरतो. म्हणजे १९१९ साली ज्या दुखण्यावर ही माणसं उठली ते दुखणं जागच्या जागी आहे, आणि तुम्ही दुखण्याचा वाढदिवस केक कापून करता!

जाऊ दे, उपरोध मला जमत नाही. सरळच सांगतो.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतला एक पोरगा माझ्याकडे आला. वडील मासेमारी करतात म्हणाला. एजंटाला साडेचार लाख दिलेत, सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक, हातात आहे, आठ महिने झाले तरी जॉइनिंग नाही. आता एजंट म्हणतोय, आणखी एक लाख द्या, दुबईला टाकतो. "सर, जाऊ का?" अरे, नको जाऊस! त्याच्याकडे सरकारी परवाना आहे का ते आधी बघ. २०२४ साली जगभरात ३१२ जहाजांवर ३,१३३ खलाशी मालकांनी वाऱ्यावर सोडले, आणि त्यांत सगळ्यात जास्त, ८९९, आपले होते. पगार नाही, कुठेकुठे प्यायला पाणी नाही, घरी यायला तिकीट नाही. ही आकडेवारी वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आहे, लपवलेली नाही. ती वाचून दाखवायला तुम्हाला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. दोन तासांत तुमच्याकडे दोन मिनिटं नव्हती. लाज वाटायला हवी तुम्हाला. ज्या दिवसावर मंडप घालता, तो दिवस या पोरांच्या जिवावर उभा आहे आणि मंडपात त्यांना बोलायला जागा नाही.

मी त्याला माझा नंबर लिहून देत होतो, तेवढ्यात तुमचा फोटोग्राफर आला. त्या पोराच्या खांद्याला धरून म्हणाला, "जरा बाजूला हो रे, फ्रेममध्ये येतोयस."